नेपल्समध्ये मुक्काम कुठे करावा? वस्ती, गल्ली आणि जिना बघून जागा निवडण्याची रीत

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावं इटलीच्या यादीत बिनविरोध लागतात. नेपल्सचं नाव निघालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "तिथे माफिया आहे ना?" आहे. तिथे त्याला कामोर्रा म्हणतात, आणि तुमच्या बॅगेत त्याला काडीचाही रस नाही. पाकीटमार आहेत, ते रोमलाही आहेत. नेपल्समधला मुक्काम बिघडतो तो बहुतेक वेळा दोन साध्या कारणांनी: जिना आणि आवाज. लिफ्ट नाही हे बॅगा घेऊन दारात उभं राहिल्यावर कळतं, आणि खिडकीखाली रात्री दोनपर्यंत गप्पांचा अड्डा भरतो हे पहिल्या रात्री. म्हणून जागा शोधताना "हा भाग सुरक्षित आहे का" एवढंच विचारून थांबू नका. पुढचे प्रश्न जास्त कामाचे आहेत.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ग्रीकांनी वसवलेलं हे शहर अडीच हजार वर्षांत कधी ओस पडलं नाही. जुन्या शहराला 1995 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी तिथे आजही माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, भांडतात. भिंतींचे पोपडे निघालेत, दारांवर रंगाच्या फवाऱ्याने नावं रंगवलीत, कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्या आहेत. हे बघून वस्ती वाईट आहे असं ठरवाल तर अर्धं शहर बाद होईल आणि उरलेलं अर्धं महाग पडेल.

पहिली पायरी: शहरासाठी जाताय की शहरातून इकडेतिकडे जायला?

बरेच जण नेपल्सला उतरतात आणि दिवसा तिथे नसतातच. एक दिवस पॉम्पेई, एक दिवस काप्री, एक दिवस सोर्रेंतो. तुमचा बेत असा असेल तर मुक्काम गाड्या आणि बोटींच्या जवळ हवा. पॉम्पेई, हर्क्युलेनियम आणि सोर्रेंतोकडे जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना नावाची लोकल पियात्सा गारिबाल्दीला, म्हणजे मुख्य स्टेशनच्या खालच्या पातळीवर मिळते. काप्री, इस्किया, प्रोचिदा या बेटांच्या वेगवान बोटी मोलो बेवेरेल्लो या धक्क्यावरून सुटतात. मेट्रोची 1 नंबरची लाइन या दोन्ही ठिकाणांना जोडते: गारिबाल्दी, दुओमो, उनिव्हेर्सिता, मुनिचिपिओ, तोलेदो, दान्ते, मुझेओ. ही सात नावं लिहून ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्याने यांपैकी एखाद्या स्टेशनपासून दहा मिनिटांत चालत पोचता येईल अशी जागा घेतली तर फारसं काही चुकत नाही.

चिर्कुमवेसुव्हियानाबद्दल एक सूचना. गाड्या जुन्या, गर्दी मुंबईकराला ओळखीची वाटेल अशी, आणि पाकीट सांभाळायची खरी जागा हीच. ही लोकल गारिबाल्दीच्या एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून सुटते. तिथून चढलात तर बसायला जागा मिळते.

आणि ज्यांना फक्त अमाल्फीचा किनाराच बघायचा आहे, त्यांनी नेपल्समध्ये राहूच नये. सोर्रेंतो किंवा सालेर्नो गाठावं.

दुसरी पायरी: वस्ती ठरवा

जुनं शहर, म्हणजे चेन्त्रो स्तोरिको. व्हिया देई त्रिबुनाली आणि स्पाक्कानापोली या दोन सरळसोट समांतर वाटा ग्रीकांनी आखल्या, त्या आजही तशाच आहेत. त्यांच्या मधल्या गल्ल्यांमध्ये चर्च, पिझ्झाची दुकानं, जमिनीखालची भुयारं आणि येशूजन्माचे देखावे बनवणाऱ्या कारागिरांची सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही गल्ली. शहर बघायचं असेल तर इथेच राहावं असं माझं मत. सकाळी आठ वाजता, पर्यटक यायच्या आधी, कॉफीला खाली उतरण्यात जी मजा आहे ती दुसरीकडे राहून येत नाही. पण किंमत मोजावी लागते ती झोपेची. पियात्सा बेल्लिनी हा विद्यार्थ्यांचा रात्रीचा अड्डा. तिथे जुन्या ग्रीक तटबंदीचे दगड उघडे दिसतात आणि त्यांच्या कठड्याभोवती मध्यरात्रीनंतरही शेकडो पोरं ग्लास घेऊन उभी असतात. चौकातली खोली फोटोत सुंदर दिसेल, घेऊ नका. डिसेंबरमध्ये सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या तोंडाशीही नको, देखावे बघायला आलेल्या गर्दीतून बॅग घेऊन दारापर्यंत पोचणं मुश्कील.

क्वार्तिएरी स्पान्योली. सोळाव्या शतकात पेद्रो दे तोलेदो या स्पॅनिश व्हाइसरॉयने आपल्या सैनिकांना ठेवायला वसवलेल्या चौकटीच्या गल्ल्या. खालून जाणारा मोठा रस्ता त्याच्याच नावाचा, व्हिया तोलेदो. एके काळी टॅक्सीवाले इथे यायला कां कूं करत. आता मॅराडोनाच्या भिंतचित्रासमोर रांगा लागतात आणि प्रत्येक दुसऱ्या घराला भाड्याच्या खोलीची पाटी आहे. नेपल्सचा जो रांगडेपणा लोकांना हवा असतो तो इथे आयता मिळतो: डोक्यावर नापोली फुटबॉल संघाचे निळे झेंडे, हाताच्या अंतरावरून जाणारी स्कूटर, तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधून खाली सोडलेली बादली. खाली दुकानदार त्यात पाव आणि दूध ठेवतो, दोरीला एक हिसका देतो, बादली वर जाते. पैसे बादलीतूनच आलेले असतात. ही बादली पर्यटकांसाठी नाही, वर राहणाऱ्या म्हातारीला रोज जिना उतरवत नाही म्हणून आहे. यातूनच तुम्हीही बोध घ्या.

इथे उतरायचं तर हे बघा: व्हिया तोलेदोपासून पहिल्या दोन-तीन गल्ल्या सपाट, गजबजलेल्या आणि हॉटेलांच्या टेबलांनी भरलेल्या. त्याच्या वरच्या गल्ल्या शांत, स्वस्त, पण चढ असा की सामान ओढत नेताना जीव निघतो.

व्होमेरो. टेकडीवरचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढलेलं, मध्यमवर्गाचं शहर. झाडांचे रस्ते, दुकानं, शाळा सुटल्यावर आइस्क्रीम खाणारी मुलं. माथ्यावर कास्तेल सांतेल्मो किल्ला आणि सान मार्तिनोचा मठ. तिथून सगळं नेपल्स, आखात आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी एका नजरेत दिसतो. लहान मुलं बरोबर असतील किंवा आवाज अजिबात चालत नसेल तर इथे राहा. मेट्रोचं व्हान्व्हितेल्ली स्टेशन आहे, शिवाय खाली उतरायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने चढाव चढणारी रेल्वे. चेन्त्राले ही फ्युनिक्युलर थेट व्हिया तोलेदोला सोडते. शहरात अशा चार आहेत, त्यांतली एखादी दुरुस्तीसाठी बंद असणं हे नवलाचं नाही, म्हणून एकीच्याच भरवशावर जागा घेऊ नका. रात्री शेवटची फेरी किती वाजता आहे तेही बघून ठेवा. ती चुकली तर टॅक्सी. पायऱ्याही आहेत, सान मार्तिनोहून उतरणारी पेदामेन्तिना ही पायवाट 400हून जास्त पायऱ्यांची. उतरायला झकास.

किआया आणि सांता लुचिया: समुद्राकाठ, नीटनेटकं, महाग. किआयाच्या आतल्या काही गल्ल्यांमध्ये छोट्या बारांची रात्रभर गर्दी असते, त्यामुळे श्रीमंत वस्ती म्हणजे शांत वस्ती हे इथे लागू नाही. पोसिल्लिपो सुंदर, पण गाडीशिवाय अडचणीचं.

रिओने सानिता. शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या मागे, पुलाखाली दबलेली वस्ती. विनोदी नट तोतो 1898 मध्ये इथेच जन्मला. अनेक वर्षं बदनाम, पण वस्तीतल्याच तरुणांनी ला पारान्झा ही सहकारी संस्था काढून सान जेन्नारोचे कॅटाकॉम्ब, म्हणजे जमिनीखालची जुनी दफनस्थळं, लोकांना खुले केले, आणि हळूहळू भाग उजळला. वरच्या पुलावरून खाली उतरायला सार्वजनिक लिफ्ट आहे. दुसऱ्यांदा नेपल्सला जाणाऱ्याला मी हाच भाग सुचवेन. पहिल्यांदा जाणाऱ्याला दिवसा हिंडायला.

स्टेशनचा भाग, पियात्सा गारिबाल्दी. हॉटेलं भरपूर, भाडी कमी, मेट्रो-रेल्वे-बस सगळं दारात. पहाटेची गाडी असेल तर एक रात्र खुशाल काढा. आठवडाभर नको. धोक्यापेक्षा कंटाळा जास्त, आणि रात्री दहानंतर चौक उदास असतो. त्यातल्या त्यात कोर्सो उंबेर्तोच्या तोंडाशी बरं.

याच कोर्सो उंबेर्तोवर मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण याचं नाव कुणी फारसं घेत नाही. 1884 मध्ये शहरात कॉलऱ्याने हाहाकार माजवला. त्यानंतर दाट जुनी वस्ती पाडून स्टेशनपासून बंदराच्या बाजूला हा रुंद, सरळ रस्ता काढला गेला. दोन्ही बाजूंच्या इमारती त्या काळच्या, म्हणजे जुन्या शहराच्या मानाने नव्या. खोल्या मोठ्या, जिने रुंद, लिफ्ट असण्याची शक्यता बरी. जमीन सपाट. दुओमो, उनिव्हेर्सिता, मुनिचिपिओ ही तीन मेट्रो स्टेशनं हाताशी, बंदर चालत, जुनं शहर थोडासा चढ चढून पाच-दहा मिनिटांत. दिसायला भाग सामान्य आहे, रहदारीचा आवाज आहे, पण इमारतीच्या आतल्या चौकाकडे तोंड असलेली खोली मिळाली तर तोही नाही. गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील तर बाकी सगळी वर्णनं विसरा आणि उनिव्हेर्सिता ते मुनिचिपिओ या पट्ट्यात शोधा.

टाळण्याच्या जागा थोडक्यात. मेट्रोच्या उत्तर टोकाला, स्काम्पियाकडे, स्वस्त खोल्या दिसतात. नको, रोजचा वेळ प्रवासातच जाईल. पश्चिमेला पोत्सुओली आणि बान्योली हा काम्पी फ्लेग्रेई या जिवंत ज्वालामुखीच्या खोलगटातला भाग. तिथली जमीन गेली अनेक वर्षं हळूहळू वर उचलली जातेय आणि अधूनमधून धक्के बसतात. 13 मार्च 2025 रोजी 4.6 तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा लोकांनी रात्र रस्त्यावर काढली. तिथली माणसं त्याच्यासह राहायला शिकली आहेत, पण सुट्टीवर गेलेल्याने ते शिकायची गरज नाही.

तिसरी पायरी: गल्ली बघा

वस्ती ठरली की जागा ठरली असं नाही. नेपल्समध्ये दोन गल्ल्यांच्या अंतरात सगळं बदलतं. नकाशावर रस्त्याच्या पातळीचे फोटो उघडा आणि मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत "चालत" जा. पायऱ्या आहेत का? नकाशात सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात जिना असू शकते. फरशी कशी आहे? जुन्या गल्ल्यांमध्ये व्हेसुव्हियसच्या लाव्ह्याच्या मोठ्या काळ्या लाद्या आहेत, त्यांच्यावर बॅगेची छोटी चाकं अडकतात. दाराखाली बार आहे, की शिवणकामाचं दुकान? बार असेल तर त्याचे परीक्षण-अभिप्राय उघडा. त्यांत रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या संगीताचं कौतुक असेल तर ते कौतुक तुमच्या उशीशी चालणार आहे.

मग जागेचे अभिप्राय वाचा, पण तारे मोजू नका. आवाज, जिना, लिफ्ट, ओल हे शब्द शोधा. इटालियन पाहुण्यांनी लिहिलेलं भाषांतर करून वाचा, ते आवाजाबद्दल तक्रार करत असतील तर आवाज खरोखर मोठा आहे असं समजा. नापोलीचा फुटबॉल संघ जिंकला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा वाढदिवस आला की फटाके वाजतात, त्याला इलाज नाही. 31 डिसेंबरला तर आपली दिवाळी फिकी पडेल.

चौथी पायरी: इमारत, मजला, खिडकी

जाहिरातीत "पलात्सो" शब्द वाचून महाल डोळ्यांसमोर आणू नका. हे वाडे आहेत. रस्त्यावर अवाढव्य दरवाजा, त्यातच कापलेला माणूसभर उंचीचा दिंडी दरवाजा, आत दगडी चौक, चौकात उभ्या स्कूटर आणि एका बाजूने वर जाणारा उघडा जिना. पूर्वी सरदार-दरकदार पहिल्या मजल्यावर राहायचे, म्हणून त्या मजल्याचं छत भलतंच उंच. परिणाम असा की इथला तिसरा मजला पायांना आपल्या पाचव्यासारखा लागतो. "सेन्त्सा आशेन्सोरे" म्हणजे लिफ्ट नाही. लिफ्ट आहे असं लिहिलं असेल तरी मालकाला दोन गोष्टी विचारा: ती थेट तुमच्या मजल्यापर्यंत जाते का, आणि तिच्यात किती माणसं मावतात. चौकात नंतर बसवलेल्या या लिफ्टा अरुंद असतात.

दुसऱ्या टोकाला बास्सो. रस्त्याच्या पातळीवरची एक खोली, जिचं दार थेट गल्लीत उघडतं. पिढ्यान् पिढ्या यात गरिबांची अख्खी कुटुंबं राहिली, काही ठिकाणी आजही राहतात. आता त्यातल्या बऱ्याच रंगवून पर्यटकांना दिल्या जातात. जिना नाही ही मोठी सोय. पण खिडकी नसते, किंवा असली तरी उघडता येत नाही, कारण बाहेरून जाणारा माणूस तुमच्या पलंगापासून दोन हातांवर असतो. हिवाळ्यात ओल धरते. एका रात्रीला गंमत वाटेल. त्याहून जास्त राहायचं तर जाहिरातीतले फोटो मोजा: खिडकीचा एकही फोटो नसेल तर खिडकी नाही.

खोली गल्लीकडे की वाड्याच्या आतल्या चौकाकडे, हा सगळ्यात कामाचा प्रश्न. बाल्कनी हवी असते सगळ्यांनाच, पण बाल्कनी म्हणजे गल्लीचा आवाज. झोप हवी तर आतल्या चौकाकडची खोली मागा, "इन्तेर्नो" असं लिहिलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये एसी असल्याची खात्री करा, खिडक्या उघड्या ठेवून झोपणं जमणार नाही.

स्वयंपाकघराचं काय? शाकाहारी माणसाची नेपल्समध्ये उपासमार होत नाही. मार्गेरिता आणि मारिनारा या पिझ्झा, वांग्याची पार्मिजाना, फ्रिआरिएल्ली ही कडवट पालेभाजी. सावध राहायचं ते न दिसणाऱ्या गोष्टींत: मिऱ्यांच्या खुसखुशीत ताराल्ली डुकराच्या चरबीत मळलेल्या असतात, आणि डाळी-बटाट्याच्या पास्त्यात मांसाचा तुकडा चवीपुरता पडू शकतो. कडक शाकाहारी असाल किंवा आठवडाभर राहणार असाल तर शेगडी असलेलं घर घ्या. मोन्तेसान्तोजवळच्या पिन्यासेक्का बाजारात भाजी ताजी आणि स्वस्त मिळते. नेपल्समध्ये श्रीलंकन कुटुंबं बरीच आहेत, त्यांच्या किराणा दुकानांत तांदूळ, मसूर आणि मसाले मिळतात. घरात मोका, म्हणजे शेगडीवर ठेवायची कॉफीची किटली, असेलच, प्रेशर कुकर नसेल.

पाचवी पायरी: पैसे आणि कागद

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. म्हणून आधी फुकट रद्द करता येणारं आरक्षण करा आणि त्यावर बरोबरच्या सगळ्यांची नावं घालून घ्या. एकट्याच्या नावाचं आरक्षण आणि अर्ज चौघांचे, यातून प्रश्न निघतात.

2025 पासून इटलीत अल्पमुदतीच्या प्रत्येक भाड्याच्या जागेला राष्ट्रीय ओळख क्रमांक बंधनकारक आहे. "आयटी" या अक्षरांनी सुरू होणारा हा क्रमांक जाहिरातीत दिसायला हवा. नसेल तर पुढे जा. मालक पासपोर्ट मागेल, त्यात संशयास्पद काही नाही: पाहुणा आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती पोलिसांना कळवणं त्याला कायद्याने भाग आहे. शहराचा मुक्काम कर माणशी दर रात्री वेगळा द्यावा लागतो. जागेच्या प्रकारानुसार तो काही युरो असतो, आणि बऱ्याचदा ऑनलाइन भरलेल्या रकमेत धरलेला नसतो. पावती मागा.

सहावी पायरी: दारापर्यंत पोचणं

रोमहून वेगवान गाडीने यायला तासाभराहून थोडं जास्त लागतं. तिकिटावर "नापोली चेंत्राले" आहे हे बघा. "नापोली आफ्रागोला" हे स्टेशन शहराबाहेर आहे. विमानतळावरून अलिबस नावाची बस स्टेशनला आणि बंदराला जाते, तिकीट 5 युरो. टॅक्सी घेतलीत तर निघायच्या आधीच ठरावीक दर, "तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता", मागा. मीटर चालू झाल्यावर मागून उपयोग नाही. जुन्या शहरात वाहनबंदीचे पट्टे आहेत, त्यामुळे टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी सोडेल. भाड्याची गाडी घेऊन मात्र नेपल्समध्ये शिरू नका, दंडाची नोटीस घरपोच येते.

पत्ता मिळाला, दिंडी दरवाजा सापडला, तरी काम संपत नाही. दाराच्या घंट्यांवर फ्लॅटचे नंबर नसतात, आडनावं असतात, आणि ती मालकाचीच असतील असं नाही, कधी त्याच्या आजोबांची असतात. म्हणून निघण्यापूर्वीच विचारून ठेवा: कोणतं आडनाव दाबायचं, चौकातल्या दोन जिन्यांपैकी कोणता, मजला कितवा. आत काचेच्या खोलीत पोर्तिएरे, म्हणजे दारवान, बसलेला असेल तर आधी "बुऑन्जोर्नो" म्हणा, मग चौकशी करा. काही जुन्या इमारतींत लिफ्टला नाण्यांची पेटी असते. पाच-दहा सेंटचं नाणं टाकल्याशिवाय ती हलत नाही, आणि वर गेल्यावर तिची लाकडी दारं आपल्या हाताने नीट लावली नाहीत तर ती तिथेच अडकते आणि खालून कुणीतरी ओरडायला लागतं. विमानतळावर पहिली कॉफी घ्याल तेव्हा सुटे मागून घ्या.